ओटीपी दिला नाही, तरी पैसे जातात

“ओटीपी कुणाला सांगितला नाही ना? मग काही होत नाही.” कोकणातल्या जामसंड्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता स्पष्ट बोलायलाच हवं. ते अर्धंच खरं आहे. याच भरवशावर माणसं कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मुंबईच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, गाडीचं तिकीट काढायला.

ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून सक्तीची केली, पण देशातल्या व्यवहारांसाठी. परदेशातल्या कितीतरी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढं भरलं की पैसे कापले जातात. ओटीपी येतच नाही, मग तो न सांगून काय वाचणार? आणि या तिन्ही गोष्टी त्या फोटोत असतात!

सीव्हीव्ही हा किरकोळ आकडा नव्हे. बँक तो कार्डाचा क्रमांक आणि मुदत घेऊन, स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने काढते. पैसे भरणाऱ्याच्या हातात खरोखर कार्ड आहे, एवढंच त्यातून पटवायचं असतं. म्हणून व्यवहार मंजूर झाल्यावर तो साठवून ठेवायला दुकानदाराला मनाई आहे. दुकानदाराने जे ठेवायचं नाही, ते आपण दोन-दोन फोनांच्या गॅलरीत ठेवतो. मुलाला तिकीट काढायचंय? त्याच्या खात्यात पैसे पाठवा, कार्ड नको. आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आजच बंद करा. 2020च्या नियमाने ती सोय बँकेला द्यावीच लागते.

असेच आणखी गैरसमज कानावर येतात. “कार्ड खिशात आहे, मग चिंता नाही.” हेही चूक. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 2018 साली 94 कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक 28 देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांनी.

“आंब्याचा अ‍ॅडव्हान्स घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायचा.” साफ खोटं. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

“गेलेले पैसे बँक देत नाही.” रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार शून्य. आपल्याच निष्काळजीपणाने गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून रविवार असो की गणपतीची सुट्टी, शाखा उघडायची वाट पाहू नका. आधी बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड बंद करा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.