ग्रंथाचे नाव आणि मोठे अक्षर

रोमन लिपी वापरणाऱ्या सर्व भाषांत मोठ्या अक्षराचे नियम सारखे नाहीत. इंग्रजी ग्रंथनामात सामान्यतः विशेषणासही मोठे अक्षर मिळते. जर्मन भाषेत हा मान वाक्यातील प्रत्येक नामाला कायमचाच आहे; म्हणून ग्रंथनामासाठी तिने निराळी सोय केलेली नाही. पहिला शब्द आणि नामे मोठ्या अक्षराने, बाकीचे लहान. गटेची 'तरुण वेर्थरची दुःखे' ही कादंबरी १७७४ साली निघाली. तिच्या जर्मन नावात 'दुःखे' व 'वेर्थर' यांना मोठे अक्षर आहे, 'तरुण'ला नाही. इंग्रजी भाषांतरात मात्र तोही मोठा झाला. डॅनिश लोकांनी नामांची ही प्रथा १९४८ साली सोडली. जर्मनांनी १९९६ च्या लेखनसुधारणेतही ती राखली.

आमच्या चिकोडीकडील मुले देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकदम गिरवतात. पहिल्या दोहोंत मोठे अक्षर नाहीच. मग 'स्वामी' म्हणजे मठातील सत्पुरुष की रणजित देसाई यांची १९६२ ची कादंबरी, हे कळावे कसे? अवतरणचिन्ह आहे, पण ते कानाला ऐकू येत नाही. मराठीने हे काम क्रियापदावर सोपविले आहे. शब्द पुल्लिंगी असूनही आपण "स्वामी वाचली" म्हणतो. त्या 'ली'मध्ये कादंबरी दडलेली असते.

याहून सुरेख उदाहरण मराठी-कन्नड शेजारातले आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ ची. गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक १९६१ चे. "ययाति वाचली" म्हणणारा खांडेकरांविषयी बोलतो, "ययाति वाचले" म्हणणारा कार्नाडांविषयी! एवढी बातमी जर्मनांचे मोठे अक्षरही देत नाही.

परंतु इंग्रजी वा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या आपल्या घरच्या मुलांच्या तोंडी "ययाति वाचला" असे सर्रास ऐकू येते. राजाला वाचल्यासारखे! ही खूण व्याकरणाच्या तासाला साधत नाही; जेवताना घरात पुस्तकांविषयी चार शब्द मराठीतून बोलले गेले, तरच ती जिभेवर बसते.

लेखनापुरते एक सांगतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार ग्रंथनामेही दीर्घान्त लिहावयाची, म्हणजे 'ययाती'. खांडेकरांचे पुस्तक त्या नियमांपूर्वीचे असून मुखपृष्ठावर ऱ्हस्वच आहे. लेखकाने ठेवलेले नाव तसेच लिहावे, असे आमचे मत. आणि प्रत्यय अवतरणचिन्हाबाहेर जोडावा: 'ययाति'तील देवयानी.