चला सफारीला! पण त्याआधी हे माहीत आहे का?

टीव्हीवर वर्षानुवर्षं बघितलेली आफ्रिका शेवटी कॅलेंडरवर आली! तिकिटं बुक, रजा मंजूर, एकदाचं गंगेत घोडं न्हालं. आता मारा नदीत झेब्रे न्हाताना बघायचे! पण निघायला अजून अवकाश आहे आणि रात्री झोप तर येत नाही. मग घ्या, हा केनिया-टांझानिया स्पेशल टाइमपास.

हत्ती गेला, शेपूट राहिलं

हॉटेल झालं, केनियाची ऑनलाइन प्रवेश परवानगी म्हणजे ईटीए झालं. लस? केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्या. टोचल्यावर दहा दिवसांनीच सर्टिफिकेट ग्राह्य धरतात. ते नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन! गुड न्यूज म्हणजे हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. पासपोर्ट बिचारा दहा वर्षांत एक्स्पायर होतो.

चिवडा हो, कॅरिबॅग नो!

माहीत आहे का, केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या कॅरिबॅगला बंदी आहे? केनियातली कमाल शिक्षा ४० लाख शिलिंग दंड किंवा चार वर्षं कैद. तेव्हा चकल्या डब्यात भरा, चपला गुंडाळलेली किराणा दुकानाची पिशवी काढा आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून दोन शर्टांच्या मध्ये सारलेली घडीही बाहेर काढा. सिंह बघायला निघालात, गजाआड जायला नाही!

पंधरा किलोंत संसार

जंगलातल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानांत साधारण १५ किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत. १९०९मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सफारीला गेले ते अख्खी लायब्ररी घेऊन! पुस्तकांना बांधणी डुकराच्या कातड्याची, म्हणजे घाम-रक्त लागलं तरी पुसता यावं. बापलेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले. केनियानं १९७७मध्ये शिकारीवर बंदी घातली. आपलं शूटिंग फक्त कॅमेऱ्यानं!

निळी जीन्स? तिथेच माशी शिंकली!

चावऱ्या त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग भलताच आवडतो. इतका, की तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे असतात. मग मिलिटरी प्रिंट घालू? झिंबाब्वे किंवा झांबियाला जोडून जाणार असाल तर विसरा. तिथे सामान्य माणसानं तसे कपडे घालणं बेकायदा आहे. बोअरिंग खाकी झिंदाबाद!

पट्टेवाल्या गाई

माश्यांवर झेब्र्याकडे मात्र सॉलिड उपाय आहे. त्याच्या पट्ट्यांवर माश्यांना नीट बसता येत नाही. जपानी संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले आणि चावणाऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या! या पट्टीच्या संशोधनाला गमतीशीर शोधांसाठी असलेलं २०२५चं इग नोबेल मिळालं.

सनस्क्रीन विसरलात?

पाणघोडा कधीच विसरत नाही. त्याच्या कातडीतून तांबूस स्राव पाझरतो. तो ऊनही अडवतो आणि जंतूंनाही आवरतो. एसपीएफ अंगभूत, खर्च शून्य.

वाजले किती?

नैरोबीत उतरलात की घड्याळ अडीच तास मागे घ्या. एवढ्यावर भागत नाही! स्वाहिली पद्धतीत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तेव्हा कुणी गाववाला ‘दोनला भेटू’ म्हणाला तर दुपारी जेवून निघू नका. तो सकाळी आठलाच हजर असेल.

वाघ विचारू नका

गाइड हसेल. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाहीत! ‘बिग फाइव्ह’ म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सगळ्यांत अवघड आणि धोक्याचे हे पाच.

आणि ‘स्मॉल फाइव्ह’? तेही आहेत! लेपर्ड कासव, गेंडा भुंगेरा, सोंडवाली एलिफंट श्रू, म्हशीचं नाव लावणारी बफेलो वीव्हर सुगरण आणि वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंग्यांची वाट बघणारा अँटलायन. पहिले पाच जीपमधून दिसतात. दुसऱ्या पाचांसाठी मान खाली घालावी लागते.

एका पार्कात चार गोवे

सेरेंगेटीचं क्षेत्रफळ आहे १४,७६३ चौरस किलोमीटर. गोवा ३,७०२. करा भागाकार! इथे सुमारे १३ लाख विल्डबीस्ट गवताच्या मागे गोल-गोल फिरत असतात. फेब्रुवारीच्या आसपास दक्षिणेत पिल्लांचा पूर येतो, ऐन भरात दिवसाला साधारण ८,००० जन्म! पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं. बारसं नंतर, आधी पळा.

शेजारच्या न्गोरोंगोरो ज्वालामुखीच्या विवरात सिंह, हत्ती, गेंडे सगळे नांदतात. जिराफ मात्र नाहीत. इतक्या खड्या उतारावरून लांबलचक पायांनी उतरायचं कसं?

सिंहाचा वाटा, तरसाचा घाटा

तरस म्हणजे चोर, बरोबर? चूक! हान्स क्रूक या संशोधकानं १९६०च्या दशकात न्गोरोंगोरोत रात्री जागून पाहिलं. अंधारात शिकार करत होते तरस आणि पहाटे येऊन ती हिसकावत होते सिंह. पर्यटक उजाडल्यावर पोचतो, सिंहाला जेवताना बघतो आणि टाळ्या त्यालाच वाजवतो!

शेणकिड्याचा जीपीएस

माहीत आहे का, दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा रात्री आकाशगंगा बघून सरळ रेषेत गोळा ढकलतो? खात्री कशी केली? संशोधकांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या घातल्या! आकाश दिसेना, तसे किडे वेडेवाकडे भटकू लागले. मग त्यांना तारांगणात नेलं आणि नुसती आकाशगंगा दाखवली. गाडी पुन्हा रुळावर. टोपी घालणं म्हणतात ते हेच!

कॉर्बेट इकडे कुठे?

कुमाऊंचा तोच जिम कॉर्बेट! १९४७नंतर तो केनियातल्या न्येरीला स्थायिक झाला. फेब्रुवारी १९५२मध्ये ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या हॉटेलात तो पाहुण्यांच्या सोबतीला होता. पाहुणी कोण? राजकुमारी एलिझाबेथ! त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये तिचे वडील, म्हणजे राजे, वारले. झाडावर चढली राजकन्या, उतरली राणी.

नरभक्षकांचा गालिचा

नैरोबी-मोम्बासा ट्रेनचा बेत आहे? ती त्सावोतून जाते. १८९८मध्ये इथे रेल्वे बांधणाऱ्या मजुरांवर आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी महिनोन् महिने हल्ले केले. मजुरांत आपल्याकडून गेलेले खूप होते. सिंहांना मारणाऱ्या पॅटरसननं बळींचा आकडा १३५ सांगितला. २००९च्या अभ्यासानं तो ३५च्या आसपास आणला. सिंहांची कातडी बरीच वर्षं गालिचा म्हणून वापरली गेली. आता ते पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये उभे आहेत. १९९६च्या हॉलिवूडपटात त्यांच्यासमोर आपले ओम पुरीही होते!

वीकएंडला ट्रेलर!

टांझानियाच्या तारांगिरेत हत्तींइतकेच फेमस आहेत तिथले बाओबाब. ढोल्या बुंध्यात पाणी साठवणारं आणि पानं गळाली की मुळं वर करून उभं आहे असं वाटणारं हे झाड. ओळखलंत? आपली गोरखचिंच! वसईच्या किल्ल्यात ती आहे. निघायला वेळ आहे ना? मग या रविवारी लोकल पकडा, बुंध्याला मिठी मारून सेल्फी काढा. लस नको, ईटीए नको आणि १५ किलोंची अट तर मुळीच नाही. डबा भरून न्या!