सरकत्या पट्ट्यावरील विमान



विज्ञानांतील कांहीं कोडीं अशीं असतात कीं, तीं सोडविण्यास फारसें गणित लागत नाहीं. तरी शिकल्यासवरलेल्या माणसांतहि तीं तंटा लावून देतात. असेंच एक कोडें आज आपणांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे. तें ऐकून आपण प्रथम आपल्या मनाशीं उत्तर ठरवावें आणि मग पुढील विवेचन ऐकावें, अशी विनंति आहे.

कल्पना करा कीं, एक विमान धावपट्टीवर उभें आहे. परंतु ही धावपट्टी नेहमींसारखी स्थिर नाहीं. तो एक अवाढव्य सरकता पट्टा आहे. व्यायामशाळेंतील ट्रेडमिल पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचाच हा प्रचंड अवतार समजा. विमान ज्या वेगानें पुढें जाऊं लागेल, त्याच वेगानें पट्टा मागें सरकूं लागतो. हवा अगदीं शांत आहे. तर हें विमान उडेल कीं नाहीं?

ह्या प्रश्नावर दोन तट पडतात. ‘उडणार नाहीं’ म्हणणारांचा युक्तिवाद असा : ट्रेडमिलवर धांवणारा माणूस कितीहि धांवला तरी जागच्या जागींच राहतो. त्याचप्रमाणें विमानहि जागींच राहील. आणि जागच्या जागीं असलेल्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहणार नाहीं, मग तें उचलले जाणार कसें?

ह्या युक्तिवादाचा उत्तरार्ध अगदीं बरोबर आहे. विमानाला जो जोर वर उचलतो, तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळें निर्माण होतो. जमिनीशीं त्याला कर्तव्य नाहीं. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर मुलगा एकाच जागीं उभा असतो, तरी त्याचा पतंग आकाशांत तरंगतो. कारण वारा पतंगावरून वाहत असतो. उलट वारा पडला कीं पतंग खालीं येतो. तेव्हां विमान खरोखरच जागीं खिळून राहिलें, तर तें उडणार नाहीं, हें निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, पट्टा त्याला जागीं खिळवून ठेवूं शकतो काय?

येथें न्यूटनचें स्मरण केलें पाहिजे. १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, प्रत्येक क्रियेला तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते. माणूस चालतो तेव्हां तो पायानें जमिनीला मागें रेटतो, आणि जमीन त्याला पुढें ढकलते. मोटारीचें इंजिन चाकें फिरवितें व चाकें रस्त्याला मागें रेटतात. म्हणून रस्ताच मागें पळूं लागला, तर माणूस व मोटार दोघेहि फसतात. परंतु विमानाचें इंजिन चाकें फिरवीत नाहीं. त्याचा पंखा हवेला मागें लोटतो आणि हवा विमानाला पुढें ढकलते. पट्टा सरकला म्हणून त्या हवेचें काय बिघडलें? विमानाचीं चाकें केवळ भार वाहणारीं आहेत. तीं मोकळीं फिरतात.

ह्याची साक्ष पहिल्याच विमानानें दिली आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉक गांवाजवळ राईट बंधूंचें यंत्र उडालें, तेव्हां त्याला स्वतःचीं चाकेंच नव्हतीं. लांकडी रुळावरील एका लहान गाड्यावर तें बसविलें होतें. यंत्र वर उचललें गेलें आणि गाडा खालींच राहिला. त्या दिवशींचें पहिलें उड्डाण १२ सेकंदांत १२० फुटांचें झालें; म्हणजे जमिनीच्या हिशेबानें ताशीं सुमारें ७ मैल. इतक्या मंद गतीनें कोणतें विमान उडेल? परंतु समोरून ताशीं २० मैलांहून अधिक वेगाचा वारा होता. जमिनीचा वेग एक आणि हवेचा वेग दुसरा, हें त्या एका उड्डाणांतच स्पष्ट होतें.

आतां हिशेब पाहूं. एका लहान विमानाला उडण्यासाठीं ताशीं १०० किलोमीटर वेग लागतो असें धरा. साध्या धावपट्टीवर त्याचीं चाकेंहि १०० च्याच वेगानें फिरतील. पट्टा १०० च्या वेगानें मागें सरकला, तर तीं २०० च्या वेगानें फिरतील. एवढाच काय तो फरक. चाकांचा विरोध वेग दुप्पट झाला म्हणून दुप्पट होत नाहीं. तो मुख्यतः वजनावर अवलंबून असतो, आणि पंख्याचा जोर त्याच्या कित्येक पट अधिक असतो. धांव किंचित् लांबेल, पण विमान उडेल.

ज्यांना अद्याप शंका असेल, त्यांनीं घरीं प्रयोग करावा. टेबलावर एक लांब कागद पसरा. त्यावर चावीची मोटार सोडा आणि कागद मागें ओढा. मोटार जागच्या जागीं ठेवतां येते. नंतर मोकळ्या चाकांची खेळण्यांतली गाडी घ्या, तिला पुढून दोरी बांधा व दोरीचें टोंक हातांत धरा. आतां दुसऱ्यानें कागद मागें ओढावा. चाकें गरगर फिरतील, परंतु हाताला ओढ जेमतेम जाणवेल. तशांतच दोरी हळूहळू गुंडाळा. कागद मागें जात असतांहि गाडी पुढें येईल. ही दोरी म्हणजेच विमानाचा पंखा.

२००८ सालीं अमेरिकेंतील ‘मिथबस्टर्स’ ह्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत हा प्रयोग खऱ्या विमानावर झाला. जमिनीवर पसरलेलें लांबलचक कापड मोटारीनें उलट दिशेस ओढलें, आणि त्यावरून एक हलकें विमान चालविलें. तें उडालें. गंमत अशी कीं, तें उडणार नाहीं असाच खुद्द वैमानिकाचा अंदाज होता.

मग वाद मिटत कां नाहीं? कारण कित्येकजण कोडें निराळ्या शब्दांत सांगतात : ‘पट्ट्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाइतका सदैव राहतो.’ आतां चाक घसरत नसेल, तर त्याच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. हा पट्ट्याच्या वेगाइतकाच ठेवावयाचा, तर विमानाचा वेग शून्यच असला पाहिजे! म्हणजे उत्तर अटींतच दडवून ठेवलें आहे. ती अट पाळण्यासाठीं पट्ट्याला आपला वेग क्षणोक्षणीं वाढवीत न्यावा लागेल. अशा पट्ट्यावर चाकें अखेर फुटून जातील. दोन पक्ष दोन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत असतात आणि भांडण मात्र एकाच प्रश्नावर चाललें आहे असें समजतात.

शाळेंत मुलें न्यूटनचा नियम घडाघडा म्हणतात. परंतु नियम पाठ असणें वेगळें आणि तो कोठें लावावा हें कळणें वेगळें. यासाठीं प्रत्येक चालत्या वस्तूविषयीं एक साधा प्रश्न विचारण्याची संवय मुलांना लावावी : ही वस्तु कशाला मागें ढकलून पुढें जाते? होडी पाण्याला, मोटार रस्त्याला, विमान हवेला. आणि वादांत पडण्यापूर्वीं दुसरा प्रश्न विचारावा : आपण दोघे एकाच गोष्टीविषयीं बोलत आहों ना? ह्या दोन प्रश्नांनीं विमानाचें कोडें तर सुटतेंच, पण विमानाशीं संबंध नसलेले कित्येक तंटेहि सुटण्यासारखे आहेत.