भांडण समोर ठेवा

काही घरांत लग्नाला पंधरा-पंधरा वर्षे होतात, तरी तेच भांडण चालू असते. दोघेही माणसे वाईट नसतात. मग असे का होते बरे?

एक जोडपे डोळ्यांपुढे आणा. नवरा सातिवलीच्या एका गाळ्यात रात्रपाळी करतो. सकाळी दमून येतो. त्याला झोप हवी असते. बायकोला चार गोष्टी बोलायच्या असतात. मुलाची फी भरायची आहे, सासूबाईंचे औषध संपले आहे. ती विचारते, तो गप्प बसतो. ती आवाज चढवते, तो उठून बाहेर जातो. ती जितकी पाठीस लागते, तितका तो दूर पळतो. तो जितका पळतो, तितकी ती पाठीस लागते. दोघेही म्हणतात, "सुरुवात तुझी!"

अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतील अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञांनी एक उपचार तयार केला. जुन्या उपचारात एकमेकांना बदलण्यावर भर असे. काही जोडपी थोडे दिवस नीट वागत, मग पहिले पाढे पंचावन्न! या दोघांनी बदलाला स्वीकाराची जोड दिली. स्वभावातला फरक आधी समजून घ्यायचा. 'बदल, बदल' हा तगादा थांबला की माणूस पुष्कळदा आपणहून बदलतो.

यात तीन गोष्टी करायच्या असतात.

पहिली, दोष न देता दुःख सांगा. "तुम्हाला घराची पर्वाच नाही," असे म्हटले की नवरा चिडतो. "अहो, सगळं एकटीनं बघताना मला भीती वाटते," असे म्हटले की तो ऐकतो. त्यानेही सांगावे, "अगं, माझं डोकं बधिर झालेलं असतं. तुझ्यावर राग नाही."

दुसरी, भांडण समोर ठेवा. शांत वेळी दोघांनी बसून पाहावे, ते कसे सुरू होते, कुठे पेटते. मग 'तू विरुद्ध मी' राहत नाही. दोघे एका बाजूला आणि भांडण दुसऱ्या बाजूला, असे होते.

तिसरी, थोडे चालवून घ्या. सकाळी तो गप्प राहणारच. फीची गोष्ट संध्याकाळी काढावी. त्यानेही तेव्हा टाळू नये.

याने सगळ्यांचे जुळते का? नाही. अमेरिकेत १३४ जोडप्यांवर जुना आणि नवा, असे दोन्ही उपचार करून पाहिले. पाच वर्षांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा निघाला. साधारण निम्म्या जोडप्यांना बराच फरक पडला होता. सुमारे पाव जोडपी मात्र वेगळी झाली होती.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मारहाण सोसणे म्हणजे स्वीकार नव्हे. जिथे मारझोड आहे, धाक आहे, तिथे हा उपचार लागू नाही. तिथे आधी जीव सांभाळायचा. स्त्रीला संरक्षण देणारा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आहे. संकटात ११२ क्रमांकावर फोन करावा.

घरच्या घरी जमत नसेल तर समुपदेशकाकडे जावे. त्यात लाज कसली? कुटुंब न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्याप्रमाणे तिथे शक्य असेल तेव्हा आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत थांबू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी, घर शांत असताना, दोघे जवळ बसा. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावे. मग पाळी बदलावी.