सिव्हिलला नेलं की माणूस जातोच?

सुरतेत डिंडोली, लिंबायत, उधना, कुठंही जा. घरातल्या कुणाला दवाखान्यात हलवायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सिव्हिलला नको, तिथं गेलेला माणूस परत येत नाही.’ पाठोपाठ पुरावाही येतो: कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये वर्षभरात एकही मयत नाही.

नसणारच! पेशंटचा श्वास अडकला की तिथले डॉक्टर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून त्याला सरकारी न्यू सिव्हिलला किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात पाठवतात. मृत्यू तिथल्या वहीत चढतो, नर्सिंग होमची वही कोरी राहते. न्यू सिव्हिलला सुरतेबाहेरूनही हाताबाहेर गेलेले पेशंट येतात.

समजा, नर्सिंग होमनं कुणालाच पुढं पाठवलं नाही आणि तिथं १०० पेशंट आले. ५ गंभीर, त्यातले ३ दगावले, बाकी सगळे बरे झाले. सिव्हिलमध्ये १०० पैकी ८० गंभीर, त्यातले २४ दगावले. वरवर ३ विरुद्ध २४. पण गंभीर पेशंटपुरतं पाहिलं तर नर्सिंग होममध्ये शंभरी ६० गेले, सिव्हिलमध्ये ३०. आता बोला!

आकड्यांनी फसण्यात आपण एकटे नाही. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पुस्तकात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर शंभरी ९० च्या वर छापला होता. वर्षभरातले मृत्यू एका दिवशी भरती असलेल्या पेशंटच्या संख्येनं भागले होते. डॉक्टर मंडळी खवळली, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

म्हणून सिव्हिल उत्तमच, असंही मी म्हणत नाही. गर्दी आहे, ताटकळणं आहे. पण आजाराचं गांभीर्य जमेस धरून काढलेला रुग्णालयवार मृत्युदर आपल्याकडे लोकांसमोर येत नाही. तोवर गल्लीतल्या मयती मोजून निकाल लावू नये.

मग विचारायचं काय? ‘हे ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतात?’ १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतली सुमारे १५०० रुग्णालयं तपासली गेली. ओपन हार्टसारख्या काही ऑपरेशनांत, वर्षाला २०० किंवा जास्त करणाऱ्या ठिकाणी मृत्यू २५ ते ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ऑपरेशननंतर जखमेत पू होण्याचं प्रमाण विचारा. रात्री आयसीयूत डॉक्टर हजर असतो की फोनवर, तेही विचारा. बाळंतपण असेल तर शंभरात सिझर किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण ४७ टक्के होतं, सरकारीत १४. अडलेल्या बाया जिथं येतात तिथं ते वाढणारच, एवढं ध्यानात ठेवा.

बाकीचे समज थोडक्यात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचची पाटी म्हणजे बरं होण्याची हमी नव्हे. तिथं कामाची पद्धत तपासली जाते, आणि प्राथमिक प्रमाणपत्र वेगळं, पूर्ण मान्यता वेगळी. आयुष्मान कार्ड चालतं म्हणजे दवाखाना अव्वल, असं नाही. किमान अटी पुऱ्या केल्या एवढंच. गुगलवरचे तारे बहुतेक पार्किंगला आणि रिसेप्शनवरच्या बाईच्या हसण्याला मिळालेले असतात. सरकारी दवाखान्यांनाही दर्जाची प्रमाणपत्रं मिळतात. प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम २०१७ पासून आहे.

आणि ‘कागद मागितले तर डॉक्टर रागावतील’ हा तर भित्रेपणाच. मागणी केल्यापासून ७२ तासांत पेशंटचे कागद देणं डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनीच बंधनकारक आहे. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.