दोन विमानतळ आणि दिल्लीचें अंतर



२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानें सुटूं लागलीं, आणि आमच्या जुईनगरांत एकच प्रश्न कानीं पडूं लागला : आतां दिल्ली किती जवळ आली ? प्रश्न सोपा दिसतो. पण भूगोल व अंकगणित या दोहोंची साक्ष काढल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

प्रथम अंतर पाहूं. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून लांबच्या प्रवासाचें अंतर नीट निघत नाहीं. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. शाळेंतला पृथ्वीचा गोल घ्यावा व दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो ज्या वाटेनें बसेल ती सर्वांत जवळची वाट. या मापानें सांताक्रूझचा विमानतळ दिल्लीपासून सुमारें ११४० किलोमीटर भरतो. आणि नवा ? तोहि जवळजवळ तितकाच ! तो दक्षिणेस असल्यानें जें अंतर वाढतें, तें पूर्वेस सरकलेला असल्यानें बहुतेक भरून निघतें.

आतां वेळ. जेट विमान उंचावर ताशीं ८०० ते ८५० किलोमीटर जातें. त्रैराशिक मांडलें तर दीड तासहि लागूं नये. वेळापत्रकांत मात्र सव्वादोन तासांच्या आसपास काळ दिलेला असतो. मधला पाऊण तास कोठें गेला ? वेळापत्रकांतला काळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हललें कीं तो सुरू होतो आणि दिल्लीस तें जागेवर उभें राहिलें कीं संपतो. धांवपट्टीपर्यंत संथपणें जाणें, पाळीची वाट पाहणें, चढतांना व उतरतांना मंदावलेला वेग, ठरलेल्या हवाई मार्गांचीं वळणें, हें सारें त्यांत येतें. सांताक्रूझच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून सामान्यतः एका वेळीं एकच चालते व उतरूं पाहणाऱ्या विमानास पुष्कळदां आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा विलंब धरूनच वेळ छापतात. मग विमान दहा मिनिटें 'लवकर' आलें म्हणून प्रवासी खूष !

वाऱ्याचाहि हिशेब आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आले, तेव्हां त्यांच्या छोट्या विमानाचा वेग ताशीं सुमारें १६० किलोमीटर होता. समोरून ताशीं ४० किलोमीटरांचा वारा आला तर अशा विमानाचा चौथा हिस्सा वेग बुडतो. जेटला त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारे जोराचे वारे त्यालाहि जाणवतात. मुंबईहून लंडनला जातांना परतण्यापेक्षां साधारण तासभर अधिक लागतो, तो यामुळेंच.

तात्पर्य, दिल्ली जवळ आली नाहीं. जवळ आला तो विमानतळ. जुईनगरहून तो सरळ रेषेंत सुमारें ९ किलोमीटर आहे. सांताक्रूझचा सुमारें १६, आणि मध्यें वाशीची खाडी. बोरिवलीकरांचा हिशेब अर्थात् उलट. म्हणून तिकिटावर नुसतें 'मुंबई' वाचून निघूं नये. जुन्या विमानतळाचीं अक्षरें बी. ओ. एम., नव्याचीं एन. एम. आय. हे दोन विमानतळ सरळ रेषेंतच सुमारें २४ किलोमीटर दूर आहेत, रस्ता त्याहून लांब. आणि बहुतेक कंपन्या सामान घेण्याची खिडकी उड्डाणापूर्वीं तासभर आधींच बंद करतात.