वाऱ्यातही ड्रोन स्थिर कसा?

मुळशीच्या भातखाचरावर घाटाकडून वारा सुटला की रोपं डोलतात, वरचा ड्रोन मात्र जागचा हलत नाही. डोक्यावर हंडा घेतलेली बाई तोल जाताच नकळत पाऊल सावरते, तसंच इथे घडतं. ड्रोनमधले संवेदक सेकंदाला शेकडो वेळा कल मोजतात आणि झुकलेल्या बाजूच्या पंख्यांचा वेग वाढतो. चारपैकी दोन पंखे उजवीकडे, दोन डावीकडे फिरतात. म्हणून तो स्वतःभोवती गरगरत नाही. आपली जागा त्याला उपग्रहांच्या संकेतांवरून कळते.

हेच तंत्र २०२०च्या स्वामित्व योजनेत गावठाणं मोजतं आणि युक्रेनच्या युद्धात स्फोटकंही वाहतं. मग सरसकट बंदी का नको? कारण मोटर, बॅटरी, संवेदक बाजारात सुटे मिळतात. बंदीने हल्लेखोर अडणार नाही, शेतातली फवारणी मात्र थांबेल. म्हणून २०२१च्या ड्रोन नियमांनी वजनाचे पाच वर्ग आणि आकाशाचे लाल, पिवळा, हिरवा असे विभाग ठरवले, ही दिशा योग्यच आहे. उरतो प्रश्न युद्धाचा. तिथे हल्ल्याचा निर्णयही यंत्राने घ्यावा, कारण तो वेगवान असतो, असं काही जण म्हणतात. पण वेग तोल सावरायला हवा. जीव घ्यायचा की नाही, हे माणसानेच ठरवायला हवं.